लहान अ‍ॅल्युमिनियम होडीला लाँगटेल मोटर बसवताना: कृष्णा, दूधगंगा आणि हिडकल पट्ट्यासाठी

उन्हाळ्यात बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल जलाशयाचं पाणी मागे सरकलं की काठाला गुडघाभर गाळ उघडा पडतो. कृष्णेत आणि दूधगंगेत केंदाळ तरंगत येतं आणि बंधाऱ्यांच्या मागे साचून राहतं. अशा पाण्यात नेहमीचं आउटबोर्ड इंजिन टिकत नाही, कारण ते नदीचंच पाणी आत ओढून थंड होतं. ओढताना गाळ आणि केंदाळाची मुळं आत जातात, पाण्याचा मार्ग तुंबतो आणि इंजिन तापून बसतं. मड मोटरचं, म्हणजे गाळात चालणाऱ्या मोटरचं, इंजिन हवेने थंड होतं. ते होडीच्या वर कोरडं राहतं आणि लांब शाफ्टच्या टोकाचा पंखाच फक्त पाण्यात जातो. म्हणून वीतभर पाण्यातही ती चालते.

अमेरिकेच्या दलदलीत अशा मोटरी बदकांच्या शिकारीच्या होड्यांवर बसवतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा आहे, तेव्हा तो उपयोग बाजूलाच ठेवायचा. मासेमारी, नदीपलीकडच्या शेतात जाणं, वैरण आणणं आणि पुराच्या साचलेल्या पाण्यात मदत करणं, या कामांना मात्र ही जोडणी चांगली आहे.

मड मोटरचे दोन प्रकार असतात. लाँगटेलमध्ये सरळ लांब शाफ्ट असतो, तर सरफेस ड्राइव्हमध्ये बेल्ट आणि आखूड शाफ्ट. इथे फक्त लाँगटेलचं सांगितलं आहे. ती सोपी आहे, तिचे भाग आपल्या भागातल्या वर्कशॉपमध्ये बनतात आणि बिघडली तर गावातच उघडता येते. आवाज मोठा, वेग कमी आणि रिव्हर्स नाही, एवढं आधीच मान्य करून पुढे जा.

बहुतेक चुका एकाच घाईतून होतात. इंजिन हाती आलं की लगेच ट्रान्समला, म्हणजे होडीच्या मागच्या उभ्या फळीला, भोकं पाडली जातात. मापं आधी घ्यायची आणि ड्रिल शेवटी हातात घ्यायचं. पुढची सगळी मांडणी त्याच क्रमाने आहे.

१. होडी मोटर पेलेल का, ते तपासा

सपाट तळाची, १२ ते १४ फुटी, तळाशी किमान ३ फूट रुंद होडी योग्य. पत्रा २ मिलिमीटरपेक्षा पातळ नको. नवीन बांधून घेत असाल तर ५०५२ किंवा ५०८३ ग्रेडचा पत्रा मागा आणि तो बिलावर लिहून घ्या. दरवाजे-खिडक्यांसाठी येणारा साधा पत्रा नदीत लवकर खड्डे धरतो.

जुनी होडी असेल तर ती दोन ठोकळ्यांवर ठेवून आत चार बोटं पाणी भरा. तासाभराने खालून पाहा. जिथून थेंब गळतोय तिथे खडूने खूण करा. बाहेरून पाण्यात टाकून गळती शोधण्यापेक्षा हे सोपं पडतं, कारण रिव्हेट नेमका कोणता ते दिसतं.

मग ट्रान्सम पाहा. बहुतेक होड्यांत दोन पत्र्यांमध्ये लाकूड किंवा प्लाय असतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोका. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा बोल्टच्या भोकातून काळपट पाणी निघालं तर आतलं लाकूड कुजलं आहे. कुजक्या ट्रान्समवर मोटर चढवायची नाही, वरून कितीही जाड प्लेट मारली तरी नाही.

२. इंजिन

१२ फुटी होडी आणि दोन माणसं, एवढ्याला ६.५ हॉर्सपॉवरचं आडव्या शाफ्टचं फोर स्ट्रोक पेट्रोल इंजिन पुरतं. होंडा जीएक्स २०० किंवा त्याच घडणीची, वीडरवर (तण काढायच्या यंत्रावर) येणारी इंजिनं या कामाला चालतात. इंजिनाचं वजन १६ किलोच्या आसपास असतं. फ्रेम, नळी, शाफ्ट आणि पंखा धरून सगळं मिळून ३५ ते ४० किलो होतं. १३ हॉर्सपॉवरचं इंजिन लहान होडीवर घेऊ नका. मागची बाजू दबते, नाक वर उठतं आणि पुढचं काही दिसत नाही. डिझेल पंपाचं इंजिन तर वजनामुळेच बाद.

इंजिन घेताना पुढच्या गोष्टी दुकानातच पाहा.

शाफ्टचं माप व्हर्नियरने मोजा. एकसारख्या दिसणाऱ्या इंजिनांपैकी काहींचा शाफ्ट पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मिलिमीटर असतो, तर काहींचा २० मिलिमीटर. चावीचं, म्हणजे शाफ्टच्या खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्याचं, मापही वेगळं असतं. १९.०५ च्या शाफ्टवर २० चं कपलिंग सहज बसतं, म्हणून दुकानदार ते देऊन टाकतो. पण त्यातली ढिलाई काही तासांत चावी खाते आणि मग शाफ्टची खाच रुंद होते.

शाफ्ट सरळ आणि चावीचा हवा. पाण्याच्या पंपावरच्या इंजिनाला आटे असलेला आणि जनरेटरच्या इंजिनाला निमुळता शाफ्ट येऊ शकतो. हे दोन्ही इथे उपयोगाचे नाहीत. काही इंजिनांना आतच गिअर असतो आणि बाहेरचा शाफ्ट निम्म्या वेगाने फिरतो. लाँगटेलचा लहान पंखा पूर्ण वेगासाठी बनलेला असतो, निम्म्या वेगात तो होडी ढकलत नाही.

गव्हर्नर काढून टाकला की जास्त ताकद येते, असं सांगणारे मेकॅनिक भेटतील. ऐकू नका. पंखा पाण्याबाहेर आला की इंजिनावरचा भार एकदम जातो, आणि त्या क्षणी वेग साधारण ३६०० फेऱ्यांच्या आसपास रोखून धरणारा तो एकच भाग आहे. या लहान इंजिनांत तेल शिंपडून वंगण होतं आणि कनेक्टिंग रॉड अ‍ॅल्युमिनियमचा असतो. फेऱ्या बेफाम वाढल्या की तो रॉड तुटून क्रँककेसला भोक पाडतो.

३. शाफ्ट, नळी आणि पंखा

तयार किट मागवता येतं. बनवून घ्यायचं तर बेळगावच्या उद्यमबागेत लेथ, फाउंड्री आणि फॅब्रिकेशन हे सगळं एकाच परिसरात आहे. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूरची शिरोली एमआयडीसी जवळ पडते. वर्कशॉपला तोंडी वर्णन सांगू नका. कागदावर रेखाटन काढून त्यावर मापं लिहून द्या.

बाहेरची नळी ४२ ते ४८ मिलिमीटर व्यासाची, आतला शाफ्ट १९ किंवा २० मिलिमीटरचा स्टेनलेस स्टीलचा. नळीच्या आत दर ४० सेंटिमीटरच्या आसपास गनमेटलचं किंवा नायलॉनचं बुश, म्हणजे शाफ्टला आधार देणारी कडी, हवं. बुश कमी टाकून पैसे वाचवले तर पूर्ण वेगात शाफ्ट मधेच धनुष्यासारखा वाकून फडफडतो. मग थरथर हँडलमध्ये येते आणि शेवटचं बुश गोल न राहता लांबट झिजतं. पंख्याच्या टोकाला ऑइल सील आणि नळीवर किमान दोन ग्रीस निपल ठेवा.

वर्कशॉपवाल्याला थ्रस्ट बेअरिंगचं महत्त्व आधी समजावून सांगा, कारण पंप आणि वीडरच्या कामात त्याची गरज पडत नाही आणि तो ते गाळून टाकतो. पंखा पाण्याला मागे ढकलतो तेव्हा तेवढ्याच जोराने शाफ्टला पुढे, म्हणजे इंजिनाकडे ढकलतो. हा दाब थेट क्रँकशाफ्टवर गेला तर इंजिनाची बेअरिंगं संपतात. म्हणून नळीच्या वरच्या टोकाला, इंजिनाच्या अलीकडे, टेपर रोलर बेअरिंगचं हाउसिंग हवं. शाफ्ट त्यात पुढे-मागे सरकता कामा नये. हाउसिंग आणि इंजिन यांच्यामध्ये मधे रबरी तुकडा (स्पायडर) असलेलं लव्हजॉय कपलिंग टाका आणि त्याच्या दोन भागांत २ मिलिमीटर फट सोडा. जोडून झाल्यावर इंजिन हाताने हळूहळू फिरवा आणि कपलिंगच्या चारी बाजूंची फट फीलर गेजने मोजा. फट एकसारखी येईपर्यंत इंजिनाखाली पत्र्याचे तुकडे टाकत राहा. अर्धा दिवस इथेच गेला तरी चालेल.

आता पंखा. या इंजिनांचा शाफ्ट, तो ज्या बाजूला बाहेर येतो तिकडून पाहिला तर, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. लाँगटेलमध्ये ती बाजू होडीच्या मागे असते. आउटबोर्डचे बहुतेक पंखे मागून पाहता काट्यांच्या दिशेने फिरण्यासाठी बनवलेले असतात. जुन्या आउटबोर्डचा पंखा लावला तर होडी मागे जाते. तेव्हा विकत घेताना "उलट्या फेऱ्याचा" पंखा सांगून घ्या. साधारण ७ ते ८ इंची, दोन पात्यांचा पुरतो. केंदाळात दोन पात्यांचा पंखा तीन पात्यांपेक्षा लवकर मोकळा होतो.

पंखा शाफ्टला पितळेच्या पिनने जोडा. दगडाला धडक बसली की पिन कापली जाते, पण शाफ्ट आणि इंजिन वाचतं. स्टीलची पिन मजबूत म्हणून टाकलीत तर हा बचावच गेला. टोकाला नायलॉक नट आणि कॉटर पिन. चार पितळी पिना आणि तेवढ्याच कॉटर पिना होडीत कायम ठेवा.

४. भोक पाडण्याआधी कोन काढा

शाफ्ट पाण्यात तिरका उतरतो आणि इंजिन त्याच रेषेत बसवलेलं असल्यामुळे तेही तेवढंच कलतं. या इंजिनांना २० अंशांपर्यंतचा कल चालतो. त्यापुढे तेल एका बाजूला जमतं. ऑइल सेन्सर असेल तर इंजिन आपोआप बंद पडतं, नसेल तर कोरडं चालून जाम होतं. "इंजिन नवीन आहे, प्लग बदलला, तरी भर नदीत बंद पडतं" या तक्रारीमागे पुष्कळदा हा कोन असतो.

दोन मापं घ्या. पहिलं, मोटर ज्या पिव्होटवर वर-खाली झुलते त्याची पाण्यापासूनची उंची. त्यात पंख्याच्या मध्याची पाण्याखालची खोली मिळवा. ही खोली १५ सेंटिमीटर धरा. दुसरं माप पिव्होटपासून पंख्यापर्यंतची लांबी. शाफ्टची पूर्ण लांबी मोजू नका, पिव्होटपासूनचीच मोजा.

पहिली बेरीज दुसऱ्या मापाच्या पाव भागापेक्षा जास्त नको. तेवढी ठेवली की कोन साडेचौदा अंशांच्या आत राहतो.

समजा पिव्होट पाण्यापासून ४५ सेंटिमीटर वर आहे आणि पंखा १५ खाली. बेरीज ६०. पिव्होटपासून पंखा १८० सेंटिमीटरवर असेल तर ६० म्हणजे तिसरा हिस्सा झाला आणि कोन साडेएकोणीस अंश निघतो. जमिनीवर हे ठीक वाटतं, पण पंखा जरा खोल दाबला की मर्यादा ओलांडली. पिव्होट ३५ वर आणला आणि लांबी २१० केली तर बेरीज ५०, कोन १४ अंश. ही मांडणी चांगली.

पाण्यापासूनची उंची मोजताना होडी रिकामी ठेवू नका. चालवणारा मागे बसलेला आणि मोटरच्या वजनाइतकं, ४० किलोचं, पोतं ट्रान्समजवळ ठेवलेलं असताना पाण्याची रेघ पेन्सिलने मारा. त्याच वेळी ट्रान्समची वरची कड पाण्यापासून किती वर राहते तेही पाहा. एक फुटापेक्षा कमी उरत असेल तर होडी लहान पडते आहे.

५. ट्रान्सम मजबूत करणं

लागणारं सामान: १९ मिलिमीटर मरीन प्लायचे दोन तुकडे, इपॉक्सी, बाहेरून आणि आतून ५ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम प्लेट, ट्रान्सम ते तळ असे दोन त्रिकोणी गसेट, आणि पॉलियुरेथेन सीलंट.

प्लायचे दोन थर इपॉक्सीने चिकटवा, क्लॅम्पमध्ये रात्रभर ठेवा. एकूण जाडी ३८ मिलिमीटर येते. कडांना इपॉक्सीचे तीन हात द्या, कारण पाणी कडेनेच शिरतं. वाळवीविरोधी औषध पाजलेलं लाकूड किंवा प्लाय वापरू नका. त्यातल्या काही औषधांत तांबं असतं आणि ओलाव्यात तांबं अ‍ॅल्युमिनियमला खातं. बाहेरून काही दिसत नाही, आतून पत्रा पांढऱ्या भुकटीसारखा होतो. सुताराला हे स्पष्ट सांगा, तो चांगल्या हेतूनेच औषध मारून देतो.

गसेट विसरले जातात. मोटर होडीला पुढे ढकलते तेव्हा ट्रान्समचा वरचा भाग आत झुकतो आणि पंखा दगडावर अडला की उलटा झटका बसतो. नुसती जाडी वाढवल्याने तळाचा जोड सुटतोच. तो झटका तळाच्या बरगडीपर्यंत पोचवणारे त्रिकोण हवेत, ट्रान्समच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. वेल्डिंग अ‍ॅल्युमिनियमची टिग मशीन असणाऱ्याकडूनच करून घ्या आणि आधी प्लाय बाहेर काढा, नाहीतर तो आत जळतो.

आंबूस वास येणारं साधं सिलिकॉन टाळा. त्यातल्या आम्लाने अ‍ॅल्युमिनियम गंजतं.

६. ब्रॅकेट आणि बोल्ट

मोटरचा ब्रॅकेट ट्रान्समच्या अगदी मध्यावर. टेपने दोन्ही कडांपासून मोजा, वरच्या कडेच्या मध्यावरही मोजा आणि दोन्हींत फरक आला तर तळाच्या मध्यरेषेवर विश्वास ठेवा.

चार एम १० स्टेनलेस बोल्ट पुरतात. कोणताही बोल्ट कडेपासून ४० मिलिमीटरच्या आत नको आणि सगळे आधी मारलेल्या पाण्याच्या रेघेच्या वर हवेत. भोकं अशी पाडा: प्लायमध्ये आधी १४ मिलिमीटरचं भोक, ते इपॉक्सीने पूर्ण भरा, वाळू द्या, मग त्याच्या मध्यातून १०.५ चं भोक. बोल्टभोवती इपॉक्सीची नळी तयार होते आणि पाणी झिरपलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही.

बोल्टला सीलंट लावून घाला. ब्रॅकेट लोखंडी असेल तर तो आणि पत्रा यांच्यामध्ये ३ मिलिमीटर रबरी शीट, आणि बोल्टच्या डोक्याखाली नायलॉनचा वायसर. दोन वेगळे धातू ओले राहून चिकटले की अ‍ॅल्युमिनियमच आधी झिजतं. आतून मोठे वायसर आणि नायलॉक नट. वायसर रुतू लागला की घट्ट करणं थांबवा. पहिल्या फेरीनंतर पुन्हा एकदा पाना लावून पाहा.

ब्रॅकेटमध्ये दोन हालचाली लागतात: उभ्या पिनवर डावी-उजवी आणि आडव्या पिव्होटवर वर-खाली. मोटर चढवल्यावर तिचा तोल पाहा. हँडल सोडलं तर शेपटी हळूच खाली जावी, आणि एका हाताने हँडल दाबलं की पंखा पाण्याबाहेर यावा. इंजिनाची बाजू जड झाली तर दिवसभर हँडल वर उचलून धरावं लागतं. तोल येईपर्यंत पिव्होट नळीवर पुढे-मागे सरकवा. म्हणूनच पिव्होट आधी क्लॅम्पने बसवायचा आणि तोल जमल्यावरच वेल्ड करायचा. तो सरकला की चौथ्या पायरीचा हिशोब पुन्हा करा.

मोटर सुटून पाण्यात पडू नये म्हणून ब्रॅकेटपासून वेगळी अशी एक साखळी किंवा जाड दोरी इंजिनाच्या फ्रेमपासून होडीच्या बरगडीला बांधा.

७. किल स्विच

या मोटरीला क्लच नसतो. इंजिन सुरू झालं की पंखा फिरतो, हँडल सोडलं तरी फिरतच राहतो. चालवणारा तोल जाऊन पाण्यात पडला तर होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर येऊ शकते. मनगटाला बांधायच्या दोरीचा किल स्विच याचसाठी हवा.

ही इंजिनं मॅग्नेटोवर चालतात आणि इग्निशन कॉइलची तार बॉडीला टेकली की बंद होतात. तेव्हा दोरी निघाली की तार बॉडीला जोडणारा स्विच लागतो. बॅटरी इग्निशनच्या गाड्यांचे स्विच उलटे असतात, दोरी निघाली की सर्किट तोडतात. तसा लावला तर इंजिन दोरी जागेवर असताना सुरूच होत नाही, आणि मग कोणीतरी वैतागून स्विचच काढून टाकतो. विकत घेताना मल्टिमीटर लावून पाहा.

अ‍ॅक्सिलरेटरही हात सुटला की स्प्रिंगने परत यायला हवा. जागेवर अडकून राहणारा लिव्हर नको.

८. बुडाली तरी तरंगेल, अशी सोय

अ‍ॅल्युमिनियमची होडी पाणी भरलं की तळाला जाते. ७० किलोच्या होडीचं पाण्यातलं वजन सुमारे ४४ किलो, मोटरचं तीसपस्तीस, आणि धरून राहणाऱ्या दोन माणसांसाठी प्रत्येकी १५ किलो धरा. एकूण ११० किलोच्या आसपास, म्हणजे जवळपास ११० लिटर हवा बंद करून ठेवायला हवी. २० लिटरचे सहा रिकामे, झाकण सील केलेले प्लास्टिक कॅन बाकांखाली पट्ट्यांनी घट्ट बांधले तरी काम होतं. मागच्या बाजूला जास्त ठेवा, वजन तिथे आहे. थर्मोकोल भरू नका. पेट्रोल सांडलं की तो विरघळतो.

९. पहिल्यांदा पाण्यात

नवीन इंजिन बहुधा तेलाविना येतं. इंजिन सपाट ठेवून ०.६ लिटर १०डब्ल्यू-३० तेल घाला. मोटर कललेली असताना तेल पाहिलं तर पातळी चुकीची दिसते. ग्रीस गनने नळीत ग्रीस भरा, खालच्या सीलजवळ ते डोकावेपर्यंत.

संथ, कमरेइतक्या पाण्यात चाचणी घ्या. पंखा पाण्याबाहेर उचलून, मागे कोणी नाही हे पाहून इंजिन सुरू करा, मग कमी वेगात शेपटी हळू खाली सोडा. किल स्विचची दोरी सर्वात आधी ओढून पाहा. इंजिन बंद झालं नाही तर त्या दिवशी पुढे जायचं नाही.

हँडल उजवीकडे ओढ घेईल, कारण उलट फिरणारा पंखा शेपटीला डावीकडे नेतो. थोडी ओढ राहणारच. जास्त असेल तर नळीच्या टोकाला पंख्याच्या वर असलेली आडवी प्लेट आणि खालचं छोटं सुकाणू थोडं वळवून कमी करता येते. पंखा सारखा पाण्याच्या वर उसळत असेल तर ती आडवी प्लेट लहान आहे किंवा वर तोंड करून बसली आहे. वळताना हँडल एकदम टोकाला नेऊ नका, रिकामी सपाट होडी एका बाजूला कलंडते.

पाऊण तासाने थांबा. सगळे नट, कपलिंगची ग्रब स्क्रू, ट्रान्समच्या आतली बाजू, नळीला हात लावून तापमान. नळी एकाच जागी गरम लागली तर तिथलं बुश वाकडं बसलं आहे.

१०. कागदपत्रं

होडीला इंजिन लावलं की ती यांत्रिक नौका ठरते आणि २०२१ चा अंतर्देशीय नौका कायदा लागतो. तपासणी, नोंदणी आणि विमा या तिन्हींबद्दल त्यात तरतुदी आहेत. एका राज्यात झालेली नोंदणी या कायद्याने देशभर चालते. सीमाभागात हे महत्त्वाचं, कारण सकाळी येडूरहून निघालेली होडी थोड्या वेळात शिरोळ तालुक्याच्या पाण्यात असते. अर्ज कर्नाटकच्या बंदर व अंतर्गत जलवाहतूक खात्याकडे करायचा.

जवळ ठेवायची फाइल: होडीचं बिल किंवा बांधणाऱ्याचं मापांसह पत्र, इंजिन नंबर असलेलं जीएसटी बिल, आधार आणि पत्त्याचा पुरावा, होडीचे चारी बाजूंचे आणि इंजिन नंबरचे फोटो, विम्याचा कागद. मासेमारी करणार असाल तर मत्स्य खात्याचा परवाना किंवा तुमच्या मत्स्य सहकारी संस्थेचं पत्र. हिडकलसारख्या जलाशयात उतरण्याआधी कर्नाटक नीरावरी निगमच्या तिथल्या कार्यालयात विचारा. इंजिन इचलकरंजी किंवा कोल्हापुरातून घेतलं तर कच्च्या चिठ्ठीवर आणू नका, नोंदणीच्या वेळी तीच अडते. अर्ज कन्नडमध्ये भरून न्या. जमत नसेल तर लिहिता येणारं माणूस सोबत असू द्या, हेलपाटे वाचतात.

धुपदाळजवळचं घटप्रभा पक्षी अभयारण्य आणि खानापूरचं भीमगड अभयारण्य या हद्दींत वन खात्याच्या परवानगीशिवाय मोटर घालायची नाही. बाहेरच्या जलाशयांवरही हिवाळ्यात पक्ष्यांचे थवे बसलेले असतात तिथून इंजिन लांब ठेवा. हा आवाज पाण्यावरून फार दूर जातो.

११. आपल्या नद्यांतले धोके

कोल्हापूर पद्धतीचे बंधारे सगळ्यात धोक्याचे. बरगे (बंधाऱ्यात पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातलेले असोत वा काढलेले, वरच्या बाजूने जवळ जायचं नाही. पाणी बंधाऱ्यावरून वाहत असताना तो वरून नुसत्या लाटेसारखा दिसतो आणि खालच्या भोवऱ्यातून होडी सुटत नाही. कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी हे पावसाळ्यात पाण्याखाली जाणारे मार्ग इथल्या प्रत्येकाला माहीत आहेत. पूर असताना त्यांच्या वरच्या अंगाला मोटर सुरू करू नका. इंजिन बंद पडलं तर होडी तिकडेच वाहते. खाली बंधारा नसेल तिथे आधी प्रवाहाविरुद्ध जा, म्हणजे मोटर गेली तरी प्रवाहच घराकडे आणतो.

काठाने जाताना शेतीपंपांचे सक्शन पाइप, फूटव्हॉल्व, केबल आणि जॅकवेल यांवर लक्ष ठेवा. वाळू काढलेल्या जागी कमरेचं पाणी एका पावलात डोक्यावर जातं. जाळ्यांचे तरंगते डबे दिसले की पंखा वर उचला. कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत, तेव्हा पंख्यात अडकलेलं केंदाळ काढायला पाण्यात उतरू नका. इंजिन बंद करा, किल स्विचची दोरी काढून खिशात टाका, शेपटी होडीत ओढून घ्या आणि मग विळ्याने कापा.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात लहान होड्यांची गरज किती असते ते सगळ्यांनी पाहिलं. ६.५ हॉर्सपॉवरची होडी साचलेल्या पाण्यात, गल्लीत, उसाच्या शेतावरून चालते. नदीच्या मुख्य धारेत ती घालू नका, आणि मदतीला निघताना तहसीलदार कार्यालय किंवा अग्निशमन दलाला कळवून निघा. पाण्याची पातळी वाढलेली असते तेव्हा विजेच्या तारा डोक्याच्या उंचीवर येतात. वीज बंद केल्याची खात्री झाल्याशिवाय वस्तीत शिरू नका.

होडीत कायम असू द्या: प्रत्येकाला शिट्टी असलेलं लाइफ जॅकेट, दोन वल्ही, एक लांब बांबू, पाच किलोचा नांगर आणि १० मिलिमीटरची ३० मीटर दोरी, विळा, पाने, स्पार्क प्लग, पितळी पिना, पाणी उपसायला डबा.

१२. पेट्रोल आणि देखभाल

पूर्ण वेगात हे इंजिन तासाला दीड ते पावणेदोन लिटर पेट्रोल घेतं. टाकी तीन लिटरची. तेव्हा भरली टाकी दीड-पावणेदोन तास, याच हिशोबाने परतीची वेळ ठरवा. भर पाण्यात गरम इंजिनात पेट्रोल ओतू नका. काठाला या, दहा मिनिटं थांबा.

पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि नदीकाठच्या दमट हवेत हे लवकर होतं. पाणी टाकीच्या तळाशी बसतं, कार्ब्युरेटर पांढरट होतो आणि मग इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडतं. आठ-दहा दिवस होडी चालवायची नसेल तर टाकीचा कॉक बंद करा, इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा आणि कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू काढून उरलेलं पेट्रोल सोडून द्या. कॅनमध्ये महिन्याभराचा साठा करू नका.

पहिलं तेल २० तासांनी बदला, पुढे दर १०० तासांनी. दर फेरीनंतर नळीत ग्रीस भरा. खालून जुनं ग्रीस दुधाळ निघालं तर सीलमधून पाणी आत जातंय. सील स्वस्त असतं, बेअरिंग महाग, म्हणून तेव्हाच बदला. पंख्याची पाती वाकली असतील तर जोडीने सरळ करा. एकच पातं ठोकून सरळ केलं की तोल जातो आणि थरथर थेट बुशांवर येते. पावसाळ्याआधी मोटर होडीवरून उतरवून घरात स्टँडवर ठेवा, शाफ्ट आडवा आणि इंजिन सपाट राहील अशी. ट्रान्समचे चारही बोल्ट एकदा काढून भोकांतलं सीलंट पाहा. कोरडं पडून चिरलं असेल तर खरवडून नवीन भरा आणि २४ तास वाळू द्या, मगच मोटर परत चढवा.